तोफेचं गवत

गोठ्याच्या छपरातून आता आभाळ दिसायला लागलं होतं. थोरला भाऊ रोज सकाळी शिडी लावून वर चढायचा, छपरावरचं जुनं गवत ओढून काढायचा आणि खाली बैलांपुढे झटकून टाकायचा. काळं पडलेलं, वर्षानुवर्षं धूर प्यायलेलं गवत ते. पांढऱ्या त्यातल्या दोन काड्या चघळायचा आणि मान फिरवायचा. मोऱ्या तेवढेही कष्ट घेत नव्हता. तो आदल्या दुपारी खाली बसला तो बसलाच.

जनावर बसलं की निम्मं गेलं, हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. उजाडताच दोघे भाऊ तोंडही न धुता गोठ्यात आले.

‘तू मागे हो,’ थोरला म्हणाला.

धाकट्याने मोऱ्याच्या पोटाखालून वासा सारला. पलीकडचं टोक थोरल्याने धरलं. थोरल्याच्या बायकोने, म्हणजे वहिनीने, बैलाचं डोकं छातीशी घेतलं. ‘हं, उचल!’ दोघांनी जोर लावला. मोऱ्याचे पुढचे पाय थरथरले, मागच्यांनी काही मनावर घेतलं नाही. खुब्याची हाडं कातडं फाडून बाहेर येतात की काय असं वाटत होतं. बैल वीतभर उचलला गेला आणि धापकन खाली आला. वासा धाकट्याच्या करंगळीवर बसला. त्याने बोट तोंडात घातलं आणि तसाच उभा राहिला.

अंगणात भिंतीच्या सावलीला हिरव्या गवताचा भारा पडला होता. बांधलेला, तसाच. धाकट्याने तो काल संध्याकाळी डोक्यावरून आणला होता. पांढऱ्या दावं ताणून त्या बाजूला नाक फुगवत होता.

‘दादा, मूठभर घालू का? सुक्यात मिसळून. रिकाम्या पोटी जास्त नाही घालायचं, मला कळतं. मूठभरच.’

‘नाही.’

‘मोऱ्या मरेल अशाने.’

‘मरू दे. तोफेचं गवत माझ्या बैलांच्या पोटात जायचं नाही.’

थोरला पुन्हा शिडीवर चढला. वरून काळा कचरा धाकट्याच्या डोक्यावर पडत राहिला.

तोफ होती हे खरं. टेकडीपलीकडे एक मोठी द्राक्षबाग होती आणि बागवाल्याने काही वर्षांपूर्वी तिथे गारा फोडायची तोफ बसवली होती. लढाईतली नव्हे. एक भलंमोठं पत्र्याचं नरसाळं, तोंड आभाळाकडे, बुडाशी गॅसची टाकी. काळे ढग आले की आत ठिणगी पाडायची, धाडकन आवाज व्हायचा आणि त्या हादऱ्याने ढगातल्या गारा वरच्या वर फुटायच्या, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. फुटायच्या की नाही ते त्यालाच ठाऊक. ती तोफ उडवायला धाकटा कामाला लागला. गाव त्याला तोफखाना म्हणू लागलं आणि तोही ते ऐकून हसायचा.

गावाने थोरल्यालाही नाव दिलं होतं, वेधशाळा. त्यात थट्टा चिमूटभर आणि मान पसाभर. मुंग्यांची धावपळ, वाऱ्याचं वळण, संध्याकाळच्या ढगाचा रंग हे सगळं पाहून थोरला पाऊस सांगायचा, आणि बहुतेक वेळा पडायचा. पेरणीच्या दिवसांत दुकानाच्या ओट्यावर एकच प्रश्न असे, ‘वेधशाळा काय म्हणते?’

यंदा पहिली ओल झाल्यावर त्याने रानातली माती मुठीत दाबली, तिचा वास घेतला आणि म्हणाला, ‘टाका बी.’ सगळ्या गावाने टाकलं. त्यानंतर ढग रोज दुपारी यायचे, टेकडीवर उभे राहायचे आणि सोयऱ्याच्या दारावरून जाणाऱ्या रुसलेल्या पाहुण्यासारखे निघून जायचे. बोटभर आलेली रोपं आधी पिवळी पडली, मग करपली.

त्या दिवसांत थोरला ओट्यावर गेला की माणसं सरकून जागा द्यायची, चहा द्यायची, पण आभाळाचा विषय कुणी काढायचं नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मग एकदा शिंप्याने मोबाईल पुढे केला. कुठल्या तरी देशातली तोफ, तिचा आवाज, आणि वर पांगणारे ढग. ‘आपल्या टेकडीपलीकडे काय आहे?’ शिंपी म्हणाला. ‘हेच ना?’

थोरल्याने ते चित्र पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा पाहिलं. आणि कितीतरी दिवसांनी त्याने मान वर करून सगळ्यांच्या डोळ्याला डोळा दिला.

तेव्हापासून गावाचे कान बदलले. बागेच्याही पलीकडे दगडाची खाण होती आणि दुपारी तिथे सुरुंग उडायचा. तो आवाज गाव पाळण्यात असल्यापासून ऐकत होतं. आता धप्प झालं की माणसं हातातलं काम टाकून टेकडीकडे पाहायची. ‘उडवली बघ,’ म्हणायची. धाकटा सांगून सांगून दमला. यंदा बागवाल्याने सगळ्या बागेवर जाळी घातली आहे, तोफेला कुणी हात लावलेला नाही, मी तिथे गवत कापतो आणि फाटलेली जाळी शिवतो, आणि मजुरीबरोबर गवताचा भारा मिळतो. ‘अहो, ढग जातात तेव्हाच सुरुंग उडतो, एवढंच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ.’

‘खाल्ल्या मिठाला जागतोय,’ लोक म्हणायचे.

लोकांचं एक वेळ सोडा, घरातच तोफ शिरली होती. एकाच चुलीवर दोघा भावांचं शिजायचं, पण थोरला धाकट्याकडे पाठ करून जेवायला बसायचा. मागे एकदा वहिनीने त्याला चोरून बैलांना दोन मुठी हिरवं घातलं. संध्याकाळी थोरल्याने पांढऱ्याचा जबडा धरून तोंडाचा वास घेतला. नुसतं ताट सरकवलं आणि उपाशी झोपला. दुसऱ्या दिवशीही तेच. तेव्हापासून तिचा हात गवताकडे जाईना.

आणि आता मोऱ्या बसला होता. तो गेला तर एका बैलावर औत चालत नाही. पाऊस उशिरा का होईना पडला, तर दुसरी पेरणी कशाने करायची? थोरल्याला हे कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. तरी तो शिडीवरून छप्पर उपसत होता.

‘भाऊजी,’ वहिनी दबक्या आवाजात म्हणाली, ‘त्यांना एकदा तिकडे नेऊन दाखवा तरी. डोळ्यांनी बघितलं तर माणूस किती नाही म्हणेल?’

थोरला यायला तयार झाला, याचंच धाकट्याला नवल वाटलं. उन्हं चढायच्या आत दोघे टेकडी चढले. थोरला पुढे, धाकटा मागे. वाटेत थोरला दम खायला थांबला की धाकटाही चार पावलं अलीकडे थांबायचा. लहानपणी याच वाटेने थोरल्याने त्याला कितीदा पाठुंगळीला घेऊन नेलं असेल. आता शेजारी उभं राहायचीही चोरी झाली होती.

तोफ बागेच्या कडेला उभी होती. पत्र्याला तांबेरा चढलेला. गॅसची टाकी काढून नेलेली, तिच्या जागी नळीचं तोंड चिंधीने बांधलेलं. धाकट्याने बुडाची झडप उघडली. आतून एक साळुंकी फडफडत दोघांच्या तोंडावरून गेली.

‘बघ,’ धाकटा म्हणाला.

आत काड्याकचऱ्याचं घरटं होतं आणि त्यात निळसर अंडी. थोरल्याने हात घातला. अंड्यांना बोट लावून पाहिलं. ती ऊबदार होती. त्याने बोट काढून घेतलं, पण वाकलेला तसाच राहिला. धाकट्याला वाटलं, झालं. सुटलो. आज घरी जाऊन आधी भारा सोडायचा.

थोरला सरळ झाला. ‘हुशार आहेत,’ तो म्हणाला.

‘कोण?’

‘घरटंसुद्धा आणून ठेवलं. इतकी झाडं सोडून बरोबर झडपेतच घरटं कसं होतं?’

‘ते साळुंकीला विचार,’ धाकटा म्हणाला. त्याला हसूही आलं आणि रडूही. ‘दादा, टाकी नाही. गॅस नाही. अंडी उबवायला बसलीय ती. आत स्फोट झाले असते तर बसली असती?’

‘म्हणजे दाखवायची तोफ ही. उडवायची दुसरीकडे असणार.’

परतताना थोरल्याचा पाय जड पडत होता. टेकडीच्या माथ्यावर तो एका दगडावर बसला. खाली सगळ्या गावाची रानं दिसत होती, एकाच रंगाची, भाजलेली. तिकडे पाहत तो बोलला. आवाजात भांडण नव्हतं, नुसता थकवा होता.

‘माणसाने ढग नेले असतील, तर त्याच्या दारात जाऊन भांडता तरी येतं. ते आपले आपणच आले नाहीत म्हटलं, तर मी कुणाच्या दारात जाऊ?’

 

घरी आले तेव्हा मोऱ्याने मानही जमिनीवर टाकली होती. वहिनी त्याच्या डोळ्यांवरच्या माश्या पदराने उडवत होती. अंडी पाहिली आणि काय झालं, हे धाकट्याने तिला हौदापाशी सांगितलं. ती बादली भरत ऐकत राहिली.

‘मला वाटलंच,’ ती म्हणाली. ‘भाऊजी, तोफ नाही म्हटलं की मग उरतं कोण? टाका बी म्हणणारा.’

संध्याकाळी थोरला बैलाच्या डोक्याशी बसला होता. हाताने त्याची मान चोळत होता, जसं काही ती चोळून उभी राहणार होती. धाकटा नवा भारा घेऊन आला आणि जुन्यावर ठेवू लागला. जुना एव्हाना पिवळा पडला होता.

‘इकडे ये,’ थोरला म्हणाला. ‘तू एकदा म्हण.’

‘काय म्हणू?’

‘की तोफ उडवलीस. ओट्यावर, चारचौघांत. मग ते गवत बागेची मजुरी राहत नाही. भरपाई होते. भरपाई घ्यायला मला लाज नाही.’

दारात धाकट्याची बायको उभी होती. ती पुढे आली. ‘काही बोलू नका तुम्ही,’ ती नवऱ्याला म्हणाली. ‘न केलेलं अंगाला लावून घ्याल आणि मग जन्मभर खरवडत बसाल. दादांना बैल वाचवायचाय ना? मग घालू देत की गवत. कोण अडवतंय त्यांना?’

थोरल्याने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याचा हात मोऱ्याच्या मानेवरून फिरत राहिला. धाकट्याला त्याचा राग आला, असा राग की तो भारा उचलून त्याच्या डोक्यात घालावा. मग त्याचं लक्ष त्या हाताकडे गेलं. नखांत छपराची काजळी होती आणि तो त्याच त्या जागी फिरत होता. हा माणूस हट्टाने बसलेला नाही, धाकट्याच्या मनात आलं. बैलासारखाच हाही बसलाय. आता उठता येत नाही.

‘चल,’ तो म्हणाला.

ओट्यावर नेहमीची माणसं होती. दुकानदाराने दोघांना पाहून चहा ओतला. धाकटा बसला नाही.

‘मी उडवली,’ तो म्हणाला.

‘काय उडवली?’ शिंप्याने विचारलं. त्याला चांगलं ठाऊक होतं काय ते.

‘तोफ.’

‘ऐकू आलं नाही मागे,’ मागून कुणीतरी म्हणालं.

‘तोफ उडवली! ढग आले की उडवली.’

दुकानदाराने पुढे केलेला चहा अर्ध्यातून मागे घेतला आणि स्वतःच प्यायला. ‘मी पहिल्यापासून बोंबलतोय,’ शिंपी सगळ्यांकडे वळून म्हणाला. कुणीतरी थुंकलं. पण धाकट्याला लागलं ते वेगळंच. कोपऱ्यात एक म्हातारा बसला होता, ज्याची दोन्ही रानं करपली होती. तो शिव्या देईल असं वाटलं होतं. त्याने हळूच विचारलं, ‘बाळा, मी तुझं काय वाईट केलं होतं?’

धाकट्याने मान खाली घातली. दोन-तीन जण उठून अंगावर येऊ लागले, तेव्हा थोरला मध्ये उभा राहिला.

‘हात लावायचा नाही. भाऊ आहे माझा. चुकला, पण कबूल केलंय त्याने. भरपाई देतोय.’

त्याचा तो जुना आवाज होता, टाका बी म्हणणारा. माणसं मागे सरली.

घरी येऊन थोरल्याने स्वतः भाऱ्याचा आळा सोडला. हिरवं थोडं, छपराचं जास्त असं मिसळलं आणि मोऱ्याच्या तोंडाशी धरलं. बैलाने वास घेतला. जबडा आधी हललाच नाही. मग एक काडी आत गेली, मग दुसरी. थोरला मूठ मूठ भरवत राहिला आणि डोळे पुसत राहिला. त्या रात्री त्याने पाठ न करता भावाशेजारी ताट घेतलं, आणि झोपला तो इतका घोरत की वहिनीला बऱ्याच दिवसांनी त्याचा त्रास झाला. धाकट्याची बायको मात्र नवऱ्याशी बोलली नाही.

मोऱ्या उठला. पहिल्यांदा वाशाच्या आधाराने, मग आपला आपण. पाय फाकून, नव्या वासरासारखा. पण भरपाई ही गोष्ट एका घरात थांबणारी नव्हती. दुसऱ्या दिवसापासून अंगणात माणसं यायला लागली. ‘रानं काय एका वेधशाळेचीच करपली? आम्हाला कधी?’ बरोबरच होतं त्यांचं. धाकटा बागेत काम उरकायचा आणि मग अंधार पडेपर्यंत गवत कापायचा. खुरप्याने तळहात सोलला. पाठ अशी आखडली की भारा उतरवल्यावरही तो वाकलेलाच चालायचा. गवत नेणारे त्याच्या हातून घ्यायचे, पण तोंडाकडे बघायचे नाहीत.

बागवाल्याच्या कानावर गेलंच. ‘अरे, तोफ तर गंजून पडलीय,’ तो म्हणाला.

‘हो.’

‘मग उडवली म्हणून कशाला सांगितलंस?’

‘बैल बसला होता.’

बागवाल्याला काही कळलं नाही. पण माणूस व्यवहारी होता. ‘सांगितलंस ते बरंच केलंस. भीतीने तरी द्राक्षं चोरायला कुणी येणार नाही. गवत ने, मला तरी काय करायचंय?’ म्हणाला आणि गाडीत बसून गेला.

मग एका दिवशी ढग आले. नेहमीसारखे विरळ नाहीत, काळे, खाली लोंबणारे. थोरला सकाळपासून आत-बाहेर करत होता. वारा पडला होता. मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर चढत होत्या. ‘आज पडणार,’ तो भेटेल त्याला सांगत होता. ‘नक्की पडणार.’ आणि धाकट्याजवळ येऊन प्रेमाने म्हणाला, ‘आज तेवढी उडवू नकोस हं.’

‘नाही उडवणार, दादा.’

तरी खात्री असावी म्हणून गाव अंगणात येऊन बसलं. शिंपी, दुकानदार, तो म्हातारा, सगळे. धाकट्याला मध्ये पालथ्या पाटीवर बसवलं. अंगणावर सावली आली. गार वाऱ्याची एक झुळूक आली, मातीचा वास आल्यासारखा वाटला. थोरल्याने दोन्ही तळवे पुढे धरले. पांढऱ्या हंबरला.

आणि ढग टेकडीवरून पुढे सरकले. अंगणात आधी एका कोपऱ्यात ऊन आलं, मग सगळीकडे आलं.

सगळ्यांनी धाकट्याकडे पाहिलं. तो तिथेच होता, पालथ्या पाटीवर, रिकामे हात मांडीवर ठेवून. त्याला बोल लावायला जागा नव्हती. मग हळूहळू एकेक मान थोरल्याकडे वळली. त्याचे तळवे अजून पुढेच होते.

‘वेधशाळा,’ म्हातारा म्हणाला, ‘तू तर नक्की म्हणाला होतास.’

थोरल्याने हात खाली घेतले. त्याची मान वाकली. धाकट्याने ती मान ओळखली. अशीच मोऱ्याने जमिनीवर टाकली होती. आता ही पडली तर तिच्यापुढे कसलं गवत धरायचं?

तेवढ्यात टेकडीपलीकडे धप्प झालं.

खाणीचा सुरुंग. धाकट्याला चांगलं माहीत होतं. बागेत जाळी शिवताना तो रोज हा आवाज जवळून ऐकायचा, पायाखालची जमीन हलायची. तो उठून उभा राहिला.

‘ऐकलंत?’ तो म्हणाला. ‘मी इथे आहे. मग ती कुणी उडवली? दुसरी आहे. दुसरी तोफ आहे.’

थोरल्याने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं आणि तो धाकट्याकडे असा बघत राहिला, जसा लहानपणी हरवलेला भाऊ जत्रेत सापडावा. ‘मी म्हटलं नव्हतं?’ तो पुटपुटला. माणसांत कालवा सुरू झाला. कोण म्हणे उत्तरेला, कोण म्हणे नदीच्या अंगाला. शिंप्याने मोबाईल काढला. भिंतीला टेकलेल्या धाकट्याच्या बायकोने कपाळाला हात लावला आणि ती आत निघून गेली.

भावासाठी बोलला होता तो. पण बोलून झाल्यावर त्याला स्वतःलाच बरं वाटलं. पाठीतली कळ जराशी सैल झाली. खरंच दुसरी असती तर? मग ओट्यावर मान खाली घालायला लावणारा कुणीतरी होता. म्हाताऱ्याच्या रानांचा, छपराच्या भोकांचा, सोललेल्या तळहातांचा धनी कुणीतरी होता, आणि तो शोधून काढता येण्यासारखा होता. हा विचार मनात आला आणि काही केल्या तो बाहेर जाईना.

‘मला वाटतं, ती बाग नाही, तिच्याही पलीकडची...’ शिंपी सुरू झाला.

‘गप्प बसा रे,’ धाकटा ओरडला. त्याने कानामागे हात धरला होता. ‘ऐकू द्या.’